माडीवरचा प्रिंटर आणि पाचशे रुपयांचा कॅमेरा

कोथरूड, पुणे
रविवार दुपार

प्रिय मंजू,

काल फोनवर आपलं बोलणं कमी आणि तुझं जिना चढणं-उतरणं जास्त झालं. थ्रीडी प्रिंटर माडीवर, तू खाली स्वयंपाकघरात, आणि मखराच्या एकेका कमानीला आठ-नऊ तास. २०१८ मध्ये थर्माकोल बंद झाल्यापासून लोक मखरासाठी काहीतरी वेगळं शोधतच असतात, त्यामुळे तुझ्या ऑर्डरी काही कमी व्हायच्या नाहीत. पण असंच चाललं तर गणपतीपर्यंत मखरं पुरी होतील आणि तुझे गुडघे कामातून जातील. "तू तुझ्या प्रिंटरकडे लांबून कसं बघतेस गं?" असं तू विचारलंस आणि मला फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. कागद समोर ठेवून करता येईल.

माझा प्रिंटर मागच्या बाल्कनीतल्या कपाटात असतो आणि त्याच्यासमोर ईएसपी-३२ कॅम नावाचा बोर्ड लावलाय. ४० बाय २७ मिलिमीटरचा तुकडा, त्यावरच प्रोसेसर, वायफाय आणि दोन मेगापिक्सलचा कॅमेरा. पाचसहाशे रुपयांत येतो. घरात कुठेही बसून फोनवर बघते, काम ठीक चाललंय म्हणून फोन ठेवून देते.

विकत घ्यायच्या आधी एवढं ठरव, की तुला त्यातून बघायचंय काय. प्रिंट कसं बिघडतं ते तू अनुभवलंयस. वस्तूचा कोपरा थंड होताना आकसतो, बेडवरून, म्हणजे छपाईच्या पाटावरून, सुटतो, वितळलेला प्लास्टिकचा धागा सोडणारं नोझल त्याला धडकतं आणि अख्खी वस्तू निखळते. आपल्या स्वस्त प्रिंटरांना त्याचा पत्ताच नसतो. त्यांच्या मोटरा सांगितली तेवढी पावलं टाकतात, आपण पोचलो का हे तपासत नाहीत. त्यामुळे बेड रिकामा झाला तरी फाइल संपेपर्यंत ते हवेतच धागा सोडत बसतात आणि सकाळी आपल्यासाठी शेवयांचा ढीग तयार. तो ढीग तरी परवडला, फिलामेंट, म्हणजे छपाईचा धागा, वाया गेलं एवढंच. खरं दुखणं वेगळं. सुटलेला तुकडा कधी कधी नोझललाच चिकटतो, आणि वितळलेलं प्लास्टिक वर वर चढत हीटरचा ठोकळा, सेन्सरच्या तारा, सगळं पोटात घेतं. मग हॉटएंड, म्हणजे धागा वितळवणारा अख्खा भाग, बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण यातलं काहीच क्षणात होत नाही, हे लक्षात आलं का? कोपरा उचलायला वेळ लागतो, गोळा जमायला त्याहून जास्त. म्हणजे तुला सलग व्हिडिओ नकोच आहे. दहा-पंधरा सेकंदांनी एक बरा फोटो मिळाला तरी भागतं. या बोर्डाला लोक नावं ठेवतात ती बहुतेक त्याच्याकडून गुळगुळीत व्हिडिओ मागतात म्हणून. अडकतो, तापतो, मध्येच बंद पडतो. थोडंच मागितलं तर महिनोन्महिने बिनतक्रार चालतो.

जगातला पहिला वेबकॅम म्हणतात तोही असाच एका यंत्रावर नजर ठेवायला लावला होता, माहितीये? केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, १९९१ मध्ये. ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी कॉफीचं एक भांडं, आणि पिणारे इमारतभर विखुरलेले. दोन-चार जिने चढून यावं तर भांडं रिकामं. तेव्हा क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी भांड्यासमोर कॅमेरा लावून त्याचं चित्र सगळ्यांच्या संगणकावर आणलं. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, तेही काळंपांढरं, मिनिटाला तीनेक वेळा बदलायचं. कॉफीचं भांडं तरी कुठे घाईनं भरतं! १९९३ मध्ये ते वेबवर आलं, आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरची माणसं त्या भांड्यात डोकावत होती. पुढे ते भांडं इंटरनेटवरच्या लिलावात ३,३५० पौंडांना गेलं! असो. सांगायचं हे, की जिन्याचा कंटाळा तुला एकटीलाच आलेला नाही, आणि मिनिटाला तीन चित्रं तेव्हाही पुरत होती.

भाऊजी म्हणाले तसं जुना मोबाइल लावूनही होतं. फुकटात होतं आणि चित्रही चांगलं येतं. पण जुना फोन चोवीस तास चार्जरला राहिला की बॅटरी फुगण्याची भीती, आणि ती तापलेल्या प्रिंटरच्या शेजारी मला तरी नको वाटते. दुसरा मार्ग रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा. त्यावर ऑक्टोप्रिंट नावाचं सॉफ्टवेअर चालतं, जर्मनीतल्या गिना हॉयस्गे या बाईंनी २०१२ मध्ये लिहायला घेतलेलं. प्रिंटर लांबून चालव, थांबव, सगळं करता येतं. फार गुणी वस्तू. पण तू मेमरी कार्डावरून छापतेस, तेवढ्यासाठी रास्पबेरी पाय, त्याचा अडॅप्टर, कॅमेरा असं सगळं घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पुढेमागे घेतलंस तरी हाच बोर्ड त्याला कॅमेरा म्हणून जोडता येतो, पैसे वाया जात नाहीत.

आता खरेदी. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणला, तू ऑनलाइनच मागव. मागवताना ‘एमबी’ असं लिहिलेला जोड-बोर्ड सोबत आहे ना, हे बघ. मूळ बोर्डाला यूएसबीचं तोंडच नसतं. जोड-बोर्ड नसेल तर प्रोग्राम चढवायला वेगळा यूएसबी-सिरियल अडॅप्टर, चार तारा, शिवाय बोर्डावरची शून्य नंबरची पिन ‘जीएनडी’ लिहिलेल्या पिनेला जोडायची, प्रोग्राम चढला की ती काढायची, मग रीसेट. शंभर-दीडशे रुपये वाचवायला हे उपद्व्याप कोण करणार? जोड-बोर्डावर कॅमेऱ्याचा बोर्ड नुसता वरून दाबून बसतो आणि मोबाइलची मायक्रो-यूएसबी केबल लागते. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीवर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही.

कॅमेरा सुटा येतो, त्याची चपटी रिबन तुलाच बसवायची आहे. कनेक्टरची बारीक काळी पट्टी नखानं अलगद वर उचल, रिबन सरळ आत जाऊ दे, पट्टी खाली दाब. रिबन केसभर तिरकी राहिली तरी नंतर स्क्रीनवर कॅमेरा सुरू झाला नाही म्हणून ‘०एक्स१०५’ असा आकडा येतो. तो आला की प्रोग्राममध्ये डोकं घालू नकोस, आधी रिबन काढून पुन्हा बसव.

प्रोग्राम लिहावा लागत नाही, तयार मिळतो. आर्डुइनो आयडीई हे बोर्डात प्रोग्राम चढवायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घे आणि त्यातल्या बोर्ड मॅनेजरमध्ये ईएसपी-३२ शोधून टाकून घे. बोर्डांच्या यादीत ‘एआय थिंकर ईएसपी-३२ कॅम’ निवड. मग उदाहरणांमध्ये ईएसपी-३२, त्यात कॅमेरा, त्यात कॅमेरावेबसर्व्हर. तो उघडल्यावर कॅमेऱ्यांच्या मॉडेलांची यादी दिसेल. त्यातल्या एआय थिंकरच्या ओळीआधीच्या दोन तिरक्या रेघा काढायच्या, आणि दुसऱ्या एखाद्या मॉडेलची ओळ चालू असेल तर तिच्याआधी टाकायच्या. नव्या आवृत्तीत ही यादी मुख्य फाइलीत नसून बोर्ड-कॉन्फिग नावाच्या शेजारच्या फाइलीत असते. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड घाल, चढव. सिरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी, ११५२०० वेगावर ठेवून रीसेट दाबलंस की बोर्ड आपला पत्ता छापतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की कॅमेऱ्याचं पान उघडतं.

तो बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतो. तुमच्या राउटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगवेगळी असतील तर २.४ चं दे. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या बोर्डाला एकच पत्ता कायमचा नेमून टाक, नाहीतर सांगलीत लाईट गेली-आली की पत्ता बदलायचा आणि तू खाली बसून जुन्याच पत्त्यावर शोधत राहशील.

विजेचं जरा मन लावून वाच, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात. वायफायवर चित्र पाठवताना हा बोर्ड क्षणभर बराच करंट ओढतो. चार्जर कमजोर किंवा केबल लांब-बारीक असली की व्होल्टेज पडतं, बोर्ड ‘ब्राउनआउट’ असं ओरडून स्वतःला रीसेट करतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. इंटरनेटवर याला एक उपाय सांगतात, की प्रोग्राममध्ये ती तपासणीच बंद करा. करू नकोस. ओरडणं थांबतं, व्होल्टेज पडायचं ते पडतंच, आणि मग चित्रं अर्धवट फाटलेली येतात. त्यापेक्षा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला चार्जर आणि आखूड, जाड केबल घे. प्रिंटरच्या यूएसबीतून मात्र वीज घेऊ नकोस.

आता माझ्या आवडीचा भाग, लेन्सचा. या कॅमेऱ्यात आपोआप फोकस होत नाही. कारखान्यातून तो लांबचं नीट दिसेल असा बसवून, वर गोंदाचा ठिपका लावून देतात. प्रिंटरच्या बेडपासून २०-२५ सेंटीमीटरवर लावलास की खोलीच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट आणि नोझल धूसर, असा प्रकार होतो. बहुतेक जण ‘स्वस्त आहे, असंच असणार’ म्हणून सोडून देतात. पण लेन्स आट्यांची असते, फिरते. सुईच्या टोकानं किंवा पातळ पात्यानं तो गोंद हळूच खरवड. कॅमेऱ्याची चौकोनी बैठक एका हातानं नीट धर, रिबनला ताण येता कामा नये. दुसऱ्या हातानं लहान पकडीनं लेन्सचं कडं धरून घड्याळाच्या उलट दिशेनं किंचित फिरव. सुरुवातीला कट्कन सुटतं, त्यानं दचकू नकोस. बेडवर छापील कागद ठेव, वर्तमानपत्राचा चालेल, आणि फोनवर चित्र बघत एकेक केसभर फिरव. आधी मथळा उमटतो, मग बातमीची अक्षरं. अक्षरं वाचता आली की थांब. त्या अंतरावर एकेका थराची रेष काही मोजता येणार नाही, पण कोपरा उचललाय का, धागे लोंबतायत का, हे नीट दिसतं.

लावायचा कुठे? वरून नको. वरून सगळं छान सपाट दिसतं पण कोपरा उचललाय की नाही ते अजिबात कळत नाही. बेडच्या पातळीच्या थोडंसं वर, तिरका, पुढच्या कोपऱ्यातून. तुझ्या प्रिंटरचा बेड पुढेमागे सरकतो, म्हणून तो पूर्ण पुढे आल्यावर धडकणार नाही एवढी जागा सोड. प्रिंटरच्या सांगाड्यालाच लावलास तर चित्र थरथरतं. टेबलाला किंवा भिंतीला लाव. बोर्डाचा वायफायचा अँटेना बोर्डावरच नागमोडी छापलेला असतो, तो लोखंडी पट्टीला चिकटला की सिग्नल मरतो. आणि हा बोर्ड चांगलाच तापतो, म्हणून त्याची डबी पीएलए या नेहमीच्या फिलामेंटची छापू नकोस. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, डबी कलते आणि कॅमेरा जमिनीकडे बघत बसतो. जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी फिलामेंटची छाप, आणि पाठ उघडी ठेव.

बोर्डावर पांढरा फ्लॅशचा दिवा आहे, तो विसर. डोळे दिपवतो, तापतो, आणि चकचकीत बेडवर त्याचाच डाग पडतो. पण अंधारात हा कॅमेरा काही कामाचा नाही, रात्री सगळं खरखरीत जांभळं दिसतं. बाजूनं एखादी साधी एलईडी पट्टी लाव. बाजूच्या उजेडात थरांच्या सावल्या पडतात, त्यामुळे बिघाड लवकर दिसतो.

कॅमेऱ्याच्या पानावर खूप बटणं आहेत, तुला दोनच लागतील. आकार ८०० बाय ६०० ठेव, सगळ्यात मोठा ठेवलास तर बोर्ड धापा टाकतो. क्वालिटीचा आकडा मात्र उलटा आहे: जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. बारा ठीक. सलग चित्राचं बटण दाबलंस तर एका वेळी एकालाच दिसतं. तू खाली बघत असताना भाऊजींनी ऑफिसातून आल्या आल्या फोनवर उघडायला जाऊ नये, चित्र येणारच नाही आणि ‘बिघडलं’ म्हणून गलका होईल. त्यापेक्षा बोर्डाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘कॅप्चर’ लिहिलं की एकच ताजा फोटो येतो. मी चार ओळींची एक फाइल केलीय, ती फोनमध्ये उघडली की दर दहा सेकंदांनी नवा फोटो मागवते. दर वेळी पत्त्याच्या शेवटी घड्याळातली वेळ जोडते, नाहीतर ब्राउझर शहाणपणा करून साठवलेला जुनाच फोटो दाखवतो. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

जुन्या फोटोचा हाच घोळ दुसऱ्या वाटेनंही होतो. कॅमेरा काढलेली चित्रं मेमरीत रांगेत ठेवतो, आणि काही प्रोग्रामांत मागितल्यावर रांगेतलं पहिलं, म्हणजे शिळं चित्र देतो. आपण बघतो ते मागच्या वेळी विचारलं तेव्हाचं. तयार उदाहरणात ‘ताजंच दे’ अशी सोय आधीच केलेली आहे. इंटरनेटवरचा दुसरा कुणाचा प्रोग्राम उचललास तर तेवढं बघ. फोटोच्या चौकटीत एक चालतं सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलंस तर शंकाच नको. मी ठेवलंय.

या पानाला पासवर्ड नसतो. घरच्या वायफायवरचा कुणीही बघू शकतो, म्हणून चौकटीत प्रिंटर आणि भिंत एवढंच येऊ दे. सासूबाई माडीवर पापड घालायला, केस वाळवायला येतात, त्या त्यात दिसता कामा नयेत. आणि बाजारात गेल्यावरही दिसावं म्हणून राउटरमध्ये बाहेरून वाट उघडून द्यायचा सल्ला कुणी देईल, तो मुळीच ऐकू नकोस. त्या वाटेनं तू जाशील तसा कुणीही येईल.

तसंही बाहेर गेल्यावर बघून करणार काय? उंटावरून शेळ्या हाकता येतात, जळणारा प्रिंटर विझवता येत नाही. २०० अंशांवर तापलेलं यंत्र घरात एकटं सोडून जायचंच नाही. प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, ‘थर्मल रनअवे’ची सोय चालू आहे ना, हे विकणाऱ्याकडून लेखी विचारून घे. हीटर चालू असून तापमान हवं तसं चढत नसेल, म्हणजे बहुधा सेन्सर निसटलाय, तर ती सोय हीटर बंद करते. मार्लिन नावाच्या फर्मवेअरमध्ये ती असते, पण कुणी बंद करून ठेवली असेल तर बाहेरून कळत नाही. शिवाय प्रिंटरच्या वर छताला एक धुराचा अलार्म लाव, त्याची किंमत या बोर्डाइतकीच आहे. लांबून वीज तोडायला स्मार्ट प्लग लावतात, मीही लावलाय, पण तो अगदी अडचणीच्या वेळेसाठी. नोझल गरम असताना वीज गेली की त्याचा पंखाही थांबतो, उष्णता वर सरकते आणि धागा आतच फुगून अडकतो. नुसती शेवयांची भानगड दिसली तर जिना चढ आणि हातानंच थांबव.

पहिला थर मात्र स्वतः जाऊन बघायचा, त्याला माझ्याकडे पर्याय नाही. तो नीट बसलेला डोळ्यांनी पाहिला की मग खाली ये, आणि पुढचे आठ तास कॅमेऱ्यावर सोड.

आता एक काम कर. बेडच्या पुढच्या कडेपासून टेबलाच्या कडेपर्यंत किती अंतर आहे आणि टेबलाची फळी किती जाड आहे, हे मोजून कळव. त्या मापाचा चिमटा आणि वर कॅमेऱ्याची डबी मी इकडे काढून ठेवते, तू पीईटीजीत छापून घे. पीईटीजी नसेल तर पाव किलोचं रीळ माझ्याकडे पडून आहे, दादा पुढच्या आठवड्यात मिरजेला येतोय, त्याच्याबरोबर देते. पावसाळी हवा आहे, धागा ओल धरतो, म्हणून रीळ हाती आलं की पिशवी लगेच फोडू नकोस.

सासूबाईंना नमस्कार, पिंकीला पापा.

तुझी,
शुभा